मागे घेतलेला वॉकर

मित्रांनो, मी एक जुना वॉकर आहे. माणसाला चालायला मदत करावी म्हणून माझा जन्म झाला, आणि आयुष्याचा बराच काळ मी एका कचेरीत नुसता उभा राहिलो. यात काहीतरी विनोद आहे, असं मला वाटत असे. पण तिथे हसणारं कोणी नव्हतं.

मला एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी घडवलं. त्यांचे वडील शिंपी. जन्मभर मशीनचं पायडल मारून बाबांचे गुडघे झिजले होते, आणि घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. साधा वॉकर सपाट जमिनीवर शहाणा असतो. जिना आला की त्याची अक्कल संपते. म्हणून बाईंनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर माझी जुळणी केली. उजवी मूठ दाबली की माझे पुढचे पाय आखडतात, चढण्यासाठी. डावी दाबली की मागचे, उतरण्यासाठी. पहिल्याच दिवशी बाबा मला धरून खाली उतरले, कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये दाढी करून आले आणि म्हणाले, "मापात आहे." शिंप्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती निघत नाही.

त्याच हुरुपात बाईंनी काठीला बसवायची एक रबरी टोपी केली. ओल्या फरशीवर ती घसरत नाही. दिसायला काळी, बुटकी, पण माझी सख्खी धाकटी बहीण. दोघांसाठीही बाईंनी पेटंटचा अर्ज केला. पेटंट म्हणजे 'ही युक्ती हिची, हिला विचारल्याशिवाय कोणी ती करून विकू नये' असं सरकारनं सांगणं. एक कारखानदार तर म्हणालाच होता, "पेटंट आणा बाई, दुसऱ्या दिवशी साचे टाकतो."

अर्ज तपासणाऱ्या साहेबांनी मला फक्त कागदावर पाहिलं. त्यांनी लिहिलं की शिडी पूर्वीपासून आहे, खुर्चीही पूर्वीपासून आहे, दोन्ही एकत्र केल्या की हीच वस्तू होणार. यात नवीन काय? शिवाय ती चालेल असं वाटत नाही. माझ्या बहिणीबद्दल लिहिलं की घोड्याला नाल असतोच. साहेब वाईट नव्हते. त्यांच्या टेबलावर अर्जांचा एवढा ढीग होता की त्यांनाच कोणीतरी आधार देऊन उठवायला हवं होतं.

बाईंनी दोन्ही निकालांवर अपील केलं. आता अपील मंडळाचा एक रिवाज होता. 'चालणार नाही' असा शेरा पडलेली वस्तू मंडळाकडे जमा करायची आणि निकाल लागेपर्यंत तिथेच ठेवायची. मध्येच कोणी गुपचूप दुरुस्ती करू नये म्हणून. त्यावर बाईंच्या वकिलांनी आपलाही एक सल्ला जोडला, "तोवर दुसरा करू नका हं. उगाच म्हणतील, दाखवला एक आणि चालतो दुसरा." वकील फार सावध माणूस. बंद पंख्याखालीसुद्धा कागदावर वजन ठेवणारा.

त्या दिवसापासून मी कचेरीत आणि बाबा घरात. आम्हा दोघांवर जणू एकच खटला चालू होता, आणि गुन्हा एवढाच की आम्हाला चालता येत होतं. न्हावी घरी येऊन बाबांची दाढी करून जाई. पण बाबा म्हणत, घरपोच दाढीबरोबर गप्पा येत नाहीत.

रेकॉर्डच्या खोलीतल्या कपाटात मी मावेना, तेव्हा मला दाराशी उभं केलं आणि गळ्यात चिठ्ठी अडकवली: 'हात लावू नये.' थोड्याच वेळात तिच्यावर पहिली ओली छत्री लटकली. मग डब्याच्या पिशव्या आल्या, कोणाचा तरी स्वेटर आला. माझ्या मुठी गंजल्या. तरी त्या कचेरीत मी कोणाच्याच उपयोगी पडलो नाही, असं मात्र कोणी म्हणू शकणार नाही.

बाई अधूनमधून चौकशीला येत.

"आमचा नंबर कधी लागेल?"

"आहे की रांगेत," रेकॉर्डवाले काका म्हणत. "बाबा कसे आहेत?"

"आहेत घरात."

"मग झालं तर. सगळं जिथल्या तिथे आहे." असं म्हणून ते माझ्यावरचा आपला डबा काढून घेत आणि ओशाळं हसत.

मग मंडळावर नव्या अध्यक्षबाई आल्या. त्यांनी आल्या आल्या पडदे बदलले नाहीत, खुर्ची बदलली नाही, तेव्हाच मला संशय आला की या काम करणार. त्यांनी फर्मान काढलं: ज्यांची एकाहून जास्त अपिलं पडून आहेत, त्यांनी एक मागे घ्यावं, त्यांचं दुसरं लगेच ऐकू.

"म्हणजे दोन पोरं शाळेत घालायला आणली तर एकाला घरी पाठवा!" काका म्हणाले.

पण उपाय लागू पडला. मोठमोठ्या कंपन्यांनी आपली अपिलं चाळली, तर निम्मी कशासाठी केली होती हे त्यांनाच आठवेना. त्यांनी ती पटापट मागे घेतली. जागची न हललेली रांग सरकू लागली. बाईंची अपिलं मात्र दोनच, आणि दोन्ही पोटची.

एके दुपारी बाई आणि वकील माझ्याशेजारीच उभे राहिले. बाईंनी बाबांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"बाबा, यातलं एक सोडा म्हणतात. वॉकर मी नाही सोडणार. तुमच्यासाठी केलाय तो."

"अगं, कापड कमी पडलं की शिंपी खिसा सोडतो, बाही नाही सोडत. काठ्या घराघरात आहेत आणि घसरणारेही. टोपी म्हणजे बाही."

"आणि वॉकर खिसा?"

"चोरखिसा. वकीलसाहेब, सोडलेल्या वस्तूचं ते लोक काय करतात हो?"

"करणार काय? त्यांच्याकडे ठेवायला जागा कुठाय? सही करायची, घरी न्यायची."

"कधी?"

"त्याच दिवशी."

"मग घेऊन ये की गं त्याला! त्याच्या निकालाची वाट बघता बघता माझाच निकाल लागायचा."

"पेटंट जाईल, बाबा. मग कोणीही करून विकेल."

"विकू दे. लोक जिने तरी उतरतील."

बाईंचा हात बराच वेळ माझ्या मुठीवर होता. मग त्यांनी सही केली आणि माझ्यावरची एकेक पिशवी उतरवली. "ही छत्री कोणाची?"

"माझी," काका म्हणाले. "पण आता अडकवू कुठे?"

घरी आल्यावर मला तेल मिळालं. मुठी कुरकुरल्या, पण पाय विसरले नव्हते. बाबा पायरी पायरी करत खाली उतरले. सलूनवाला कात्री हातात तशीच धरून ओरडला, "काय शिंपीबुवा! होतात कुठे?"

"अपिलात," बाबा म्हणाले आणि खुर्चीत बसले.

उन्हाळा सरायच्या आत माझ्या बहिणीचा निकाल लागला. मंडळानं लिहिलं की नाल असूनही घोडा ओल्या फरशीवर घसरतो, टोपी घसरत नाही. सबब ती नवीन आहे. कारखानदारानं खरंच साचे टाकले. माझ्यावर आता कोणाचाच हक्क नाही. म्हणून गल्लीतल्या फिटरनं माझी मापं घेतली आणि मला भावंडं होऊ लागली. समोरच्या इमारतीतल्या आजींच्या वॉकरला लाल मुठी आहेत. त्या आजी आता रोज कोणाशी ना कोणाशी भांडायला खाली येतात. कचेरीत भिंतीला खुंट्या ठोकल्या, असंही कानावर आलं.

मित्रांनो, वस्तू जपून ठेवा, असं तुम्हाला सगळेच सांगतात. माझं एवढंच मागणं आहे, की आम्हाला तेल घाला, पुसा, पण गळ्यात 'हात लावू नये'ची चिठ्ठी अडकवू नका. वापरात राहणं हीच आमची खरी निगा. आणि मोठेपणी तुमच्यापैकी कोणी अशा मंडळावर बसलंच, तर फाईल उद्यावर ढकलताना आठवा, की कुठेतरी कोणीतरी जिन्याच्या वरच्या पायरीवर ताटकळत उभं आहे.

आता निघतो. बाबांनी माझी डावी मूठ दाबली आहे.