गालाशी जुळेल असा रंग

धुरपताचं लग्न फाल्गुनात झालं, आणि तिच्या आईनं मोठ्या खटपटीनं जुळवलेला रंग आषाढात चुकला.

चूक तशी आईची नव्हती. लहानपणीच धुरपताच्या डाव्या कानाखाली चिंचोक्याएवढा पांढरा डाग उठला होता. कोडच ते. पण तिच्या दरेकशाच्या माहेरी हा शब्द कोणी तोंडातून काढायचा नाही, असा दंडक होता. धुरपताचा मामा दुधराम दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या खेळात, बाईचं सोंग घेऊन नाचायचा, त्यामुळे तोंड रंगवण्याची विद्या त्याच्याकडे. सफेदा, गेरू, हळद आणि तव्याची काजळी त्यानं टोरीच्या, म्हणजे मोहाच्या बियांच्या, तेलात घोटली आणि बहिणीला डबीभर रंग करून दिला. वर थोडी अक्कलही दिली.

"रंग डागावर लावून नोको पाहू बाई. चांगल्या गालावर बोट टेकव. टेकवलेलं दिसलं नाई, का समज जमला."

फाल्गुनात तो जमला. मुलीकडच्यांनी झाकलं, मुलाकडच्यांनी फार निरखलं नाही, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात तसं लग्न पार पडलं. आमगावजवळच्या गावात, धानाची बरी शेती असलेल्या घरात धुरपता सून म्हणून आली. डबी तिच्या लुगड्यांच्या गाठोड्यात होती.

पण कातडी ही काही भिंत नव्हे, की एकदा सारवली आणि वर्षाची काळजी मिटली. धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, दिवसांत ढग फाटले की ऊन वरून तर पडतंच, वर बांधीतल्या, म्हणजे खाचरातल्या, पाण्यावरून उलटून तोंडावर येतं. सगळ्या रोवणाऱ्या बाया महिन्याभरात काळवंडल्या, धुरपताही काळवंडली. डबीतला रंग मात्र फाल्गुनातलाच राहिला. एका दुपारी शेजारी रोवणारी नणंद रुख्मा सहज बोलून गेली, "वैनी, तुझ्या कानाखाली काय वाळलं वो? चिखल हाये का?"

"चिखलच असंल," धुरपता म्हणाली आणि ओल्या हातानं तिथं खरोखरच चिखल फासला. त्या दिवशी बांधीतल्या चिखलानं तिची लाज राखली, पण चिखल काही चुलीपाशी फासून बसता येत नाही.

तेव्हापासून तिचा रोजचा जीव त्या रंगात अडकला. घर जागं व्हायच्या आत ती शेणाची पाटी घेऊन गोठ्यात जायची आणि कोपऱ्यात रंग घोटायची. गेरू जास्त झाला की गाल भाजल्यासारखा दिसे, काजळी जास्त झाली की कोणी थोबाडीत मारल्यासारखा. गोठ्यातल्या अंधारात जमलेला रंग अंगणात आला की लगेच चुगली करी. तिचा स्वतःचा आरसा नव्हता. ओसरीच्या खांबाला नवऱ्याचा दाढीचा आरसा टांगलेला असे, त्यात पाहायचं तर बाप्ये शेतावर जाईपर्यंत थांबावं लागे. मग घाईघाईनं चांगल्या गालावर बोट टेकवायचं, दिसतंय का पाहायचं, पुसायचं, पुन्हा घोटायचं. रोवणी संपली, आश्विनाचं कोवळं ऊन आलं, चेहरा पुन्हा थोडा उजळला, की आधीचा रंग गेला वाया.

सासरची माणसं वाईट होती असं नाही. उलट, वाईट असती तर धुरपताला बरं वाटलं असतं. निदान त्यांना फसवल्याचं ओझं तरी नसतं. नवरा केवलराम अबोल होता, पण हात उगारणारा नव्हता. अशा भरल्या घरात नवऱ्याला बायको दिसायची ती चिमणीच्या उजेडात, आणि धुरपता डावी कूस भिंतीकडे करूनच निजायची. चार बायका जमल्या की डावा पदर पुढे. तलावावर आंघोळीला जायचं तर सगळ्यांच्या आधी किंवा सगळ्यांच्या नंतर. एवढं सांभाळूनही डाग काही जागच्या जागी थांबला नव्हता. चिंचोक्याचा विड्याच्या पानाएवढा झाला होता आणि जबड्याच्या कडेनं खाली सरकत होता.

पोळ्याला माहेरी गेली होती तेव्हाच तिनं आईला, सुशिलाबाईला, सरळ विचारलं. "माय, हे कवापर्यंत?"

"गीताचं लगन होऊ दे," आई म्हणाली. गीता म्हणजे धाकटी बहीण. "तुले जर त्यायनं परत धाडलं, तर तिले कोन करंल? डाग वाढला तर रंग वाढव." आणि तिनं नवा सफेदा बांधून दिला. धुरपता इकडे आड तिकडे विहीर अशी परत आली. गाडीत बसल्यावर तिला वाटलं, आपल्याला कोणी तरी एका खोलीत कोंडलंय आणि आतून कडी लावायचं कामही आपल्यालाच दिलंय.

दिवाळी सरली आणि रुख्माला पाहायला तिरोड्याकडची माणसं येणार असं ठरलं. रुख्मा अंगापिंडानं चांगली, कामाला वाघीण, पण रंगानं काळी. आधी येऊन गेलेल्या लोकांनी तेवढ्यावरूनच नाक मुरडलं होतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सासूनं, जमुनाबाईनं, धुरपताला धानाच्या कोठीपाशी बोलावलं आणि इकडं तिकडं पाहून हळूच म्हणाली, "तू गालाले जे लावून राहिली, ते उद्या रुख्माले लाव. पन तिच्या रंगाचं नोको. उजळ पायजे."

धुरपतानं डावा पदर पुढे ओढला आणि सासूकडं पाहिलं.

"अशी काऊन पाहून राहिली? माझे डोळे फुटले का?" जमुनाबाई म्हणाली. "रोवणीपासून मले माहीत हाये. भिंतीले लावाचा गेरू घरात कमी होते, अन् भिंत तशीच."

"मंग बोलल्या काऊन नाई, आत्याबाई?"

"कोनाले बोलू? माझी पोरगी उजवाची हाये. उद्या नीट लाव. नाई लावलं, तर केवलले गाडी जुपाले सांगीन, अन् तुझी माय जे झाकून राहिली ते सारं दरेकसं पाहंल."

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ते असं. इतके महिने जिच्यापासून तोंड लपवलं, तिनं ते केव्हाच पाहून ठेवलं होतं आणि वेळ येईपर्यंत जपून ठेवलं होतं. धुरपताला राग आला. सासूचा आला, आईचा आला, आणि त्या मामाचाही आला. पण तिनं मान हलवली. माहेरी परत नेणारी ती गाडी आधीच तिच्या स्वप्नात यायची.

दुसऱ्या दिवशी परसात, कारल्याच्या मांडवाखाली, रुख्मा पाटावर बसली. धुरपतानं सफेदा जास्त, हळद बेतानं, गेरू नावापुरता असं घोटलं आणि कपाळापासून सुरुवात केली. रुख्माला गुदगुल्या होत होत्या. ती हसत होती. पण तोंड झालं, तर मान राहिली. मान झाली, तर कान. कान झाले, तर मांडीवरचे दोन काळे हात एखाद्या परक्या बाईचे ठेवल्यासारखे दिसू लागले.

"वैनी, हातालेही लावाचं?"

"लावा लागंल."

"अन् लगन झाल्यावर?"

धुरपताचं बोट थांबलं. "एवढ्या आजच्या दिवसाचं हाये," असं म्हणणं अगदी सोपं होतं. शब्द जिभेवर आले होते. पण समोर ती भोळी, चुना लावलेल्या भिंतीसारखी पोर तोंड वर करून बसली होती, आणि धुरपताला तिची येणारी सगळी वर्षं एकदम दिसली. तिनं पदराचं टोक तेलात बुडवलं आणि स्वतःच्या गालावरून फिरवलं. एकदा, दोनदा, जोर लावून. भर उजेडात सासरच्या माणसासमोर तो गाल पहिल्यांदाच उघडा झाला. कानापासून जबड्यापर्यंत पांढराफटक.

"हे पाय," ती म्हणाली. "मले रोज लावा लागते. उन्हाळ्याचा अलग, पावसाळ्याचा अलग. एक दिवस बी सुटका नाई. आता तू सांग, लावू का हाताले?"

रुख्मानं आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. मग उठली, चुलीवरचं ऊन पाणी आणि मूठभर धानाचा कोंडा घेऊन न्हाणीकडं गेली. परत आली तेव्हा तिचं तोंड घासून घासून लाल-काळं झालं होतं. तशीच ती पानसुपारीचं तबक घेऊन ओसरीवर गेली.

पाहुण्यांतला वडीलधारा यादोराव तोंडचा सरळ होता. त्यानं नाव विचारलं, रोवणी येते का विचारलं, सुपारी तोंडात टाकली आणि म्हणाला, "पोरगी चांगली हाये, पन कारी हाये. घरी पुसून कळवतो." हे कळवणं कधी कळत नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. गाडी वळली आणि घुंगरं लांब गेली.

जमुनाबाई परसात आली ती धगधगत. धुरपता तशीच उभी होती, उघड्या गालानं. आता लपवायला काही उरलंच नव्हतं.

"माझ्या पोरीचं वाटोळं केलं या बयेनं! केवल! गाडी जुप. आत्ताच्या आत्ता हिले माहेरी टाकून ये."

केवलराम मागल्या दारात येऊन उभा राहिला. त्यानं आईकडं पाहिलं, मग बायकोकडं. त्याची नजर गालावर गेली आणि तिथंच राहिली. धुरपतानं डोळे मिटून घेतले. ज्याला भीत भीत हे सगळे महिने काढले, ते आता झालं होतं.

"जुपतो," तो सावकाश म्हणाला. "पन लोक पुसतील, सुनेले काऊन धाडलं? काय सांगू?"

"सांग का..." जमुनाबाई बोलता बोलता थांबली.

काय सांगणार? सुनेला कोड आहे? ज्या घरात कोड आलं, त्या घरची मुलगी कोण करणार? आधीच काळी, वर हे. जमुनाबाई उंबऱ्यावर बसली. धुरपतानं डोळे उघडले. जी गाडी स्वप्नात येऊन तिला घाम फोडायची, ती या घरातून निघूच शकत नव्हती. सासूही तिच्याइतकीच कोंडली गेली होती, आणि हे आत्ताच तिला कळत होतं. तिला सासूची कीव आली. कीव आल्याचा रागही आला.

"घरात राहा तशी," जमुनाबाई खाली पाहत म्हणाली. "पन दाराबाहेर पाय टाकशीन तर लावून टाक. रुख्माचं होईस्तोवर."

"माझं होवो का नोको होवो," न्हाणीपासून रुख्मा म्हणाली, "मी नाई लावनार."

म्हणजे सुटका झाली ती अंगणापुरती. धुरपतानं तेवढी घेतली. दुसरी मिळण्यासारखी नव्हती. सासू आत गेली, रुख्मा भांडी आवरू लागली. केवलराम मात्र मांडवाखाली घुटमळत राहिला. मग जवळ आला, आणि काही धरावं की न धरावं असा हात अर्धवट उचलून थांबला.

"दुखते का?" त्यानं विचारलं.

आईनं विचारलं नव्हतं, मामानं नव्हतं, इतक्या वर्षांत कोणीच नव्हतं.

"नाई," धुरपता म्हणाली. "ते कधीच दुखलं नाई."