अकरा दुकानांचा भाव

"अगं, आणखी आठशेंनी उतरलं," कोटेशनराव संगणकावरची नजर न काढता म्हणाले.

"बरं," बायको म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

"पण थांबू अजून. महिनाअखेरीला आणखी उतरेल."

"बरं."

ज्या बाईने अडतीस वर्षांच्या संसारात त्यांची एकही गोष्ट वाद घातल्याशिवाय मान्य केली नव्हती, ती हल्ली वर्षभर प्रत्येक गोष्टीला 'बरं' म्हणत होती. वयाने माणूस निवळतं, अशी कोटेशनरावांनी स्वतःची समजूत घातली होती. तिला कमी ऐकू येतं हे त्यांना ठाऊक होतं. भाव उतरला होता तो तिच्यासाठीच घ्यायच्या कानाच्या यंत्राचा. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

कोटेशनराव हे नाव त्यांना कचेरीत पडलं. पाणीपुरवठ्याच्या खरेदी विभागात त्यांनी एकतीस वर्षं काढली, आणि तिथे तीन दुकानांचे लेखी भाव हातात आल्याशिवाय झाडूसुद्धा विकत घेतला जात नसे. नियम कचेरीचा, पण भिनला यांच्या अंगात. बायको करतानाही यांनी तीन स्थळं पाहिली असतील, असं बरोबरीचे लोक चिडवायचे. त्यावर बायको म्हणायची, "छे हो, मी पहिलीच. म्हणून तर तेव्हापासून यांना काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतंय."

निवृत्तीनंतर मुलीने त्यांना भावांची तुलना करणारी साईट दाखवली. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन; इथे तीन भाव मागणाऱ्याला एका बटणावर अकरा दुकानं मिळाली. खोटं कशाला बोला, फायदाही झाला. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना फ्रिज पाचव्या हिश्श्याने स्वस्त मिळाला. कोपऱ्यावरचा पंखेवाला यांच्या हातात मोबाइल दिसला की आपणहून खरा भाव सांगू लागला. साईटच्या खोड्याही त्यांनी ओळखल्या होत्या. सगळ्यात वरची ओळ पैसे मोजणाऱ्या दुकानाची असते आणि सगळ्यात स्वस्त दुकान घरपोच आणण्याचे पैसे शेवटी लावतं, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यांना फसवणं सोपं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांनी यंत्र घ्यायला सांगितलं त्याला आता चौदा महिने झाले होते. बाजारातल्या दुकानात पांढरा कोट घातलेल्या मुलीने तपासणी करून भाव सांगितला, तेव्हा कोटेशनराव "बघून सांगतो" म्हणून उठले. साईटवर त्या यंत्राच्या भावाचा सहा महिन्यांचा आलेख होता, खाली खाली जाणारा. म्हणून थांबले. मग नवं मॉडेल आलं. मग जुन्या-नव्याची तुलना आली. माणूस चिक्कू नव्हता हो, बायकोच्या औषधपाण्याला त्यांनी कधी हात आखडला नाही. तिच्यासाठी घ्यायचं म्हणूनच तर पारखून घ्यायचं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

रविवारी सकाळी मुलीचा फोन आला. बायकोने फोन कानाला लावला, "बरं, छान" म्हटलं आणि नेहमीसारखा त्यांच्या हातात दिला.

"बाबा, मी आईला आत्ता सांगितलं, माझी नोकरी गेली," मुलगी म्हणाली. "ती म्हणाली, छान."

"तिला ऐकू आलं नसेल गं."

"माहितीये मला. पण मला तुम्हाला नव्हतं सांगायचं, बाबा. तिला सांगायचं होतं."

फोन ठेवल्यावर त्यांनी ती बातमी कागदावर लिहून बायकोपुढे धरली. तिने वाचली, कागदाची घडी केली, आणि त्यानंतर आठवडाभर फोन वाजला तरी ती जागची उठली नाही. कोटेशनरावांनी त्याच दिवशी यंत्र मागवलं. अकरांतलं सगळ्यात स्वस्त, अर्थात.

ते तीन दिवसांत घरी आलं. सोबतचा कागद वाचून त्यांनी ते तिच्या कानात बसवलं, तर ते शिट्ट्या मारायला लागलं. स्वयंपाकघरात चमचा पडला तशी ती दचकून उभीच राहिली. चार दिवसांनी कोटेशनराव बायकोला घेऊन तोंड लपवत बाजारातल्या त्याच दुकानात गेले. कोटवाल्या मुलीने त्यांना ओळखलं, पण टोमणा मारला नाही. उलट म्हणाली की यंत्र चांगलं आहे आणि खरंच स्वस्तात मिळालं आहे. तासभर बसून तिने ते बायकोच्या कानाला जुळवलं. मग बायकोच्या पाठीमागे उभं राहून एकेक शब्द म्हणू लागली. प्रत्येक शब्दाला बायकोची मान हलत होती, पण निम्मे शब्द तिला परत म्हणता येईनात.

"आवाज येतोय," ती ओशाळून म्हणाली. "काय म्हणतेस ते कळत नाही गं."

कोटवाली मुलगी कोटेशनरावांकडे वळली. "कान फार दिवस रिकामे राहिले ना काका, की डोकं शब्द विसरायला लागतं. यंत्र नुसता आवाज देतं. शब्द परत शिकावे लागतात."

"चौदा महिन्यांपूर्वी घेतलं असतं तर?"

मुलगी वायरी गुंडाळत होती. "सोपं गेलं असतं," ती म्हणाली.

सगळे शब्द परत येतील का, असं त्यांनी विचारलं. बरेचसे येतील, सगळे येतीलच असं नाही, असं तिने सांगितलं. रोज अर्धा तास, ओठ दिसू नयेत म्हणून मागे बसायचं, एकेक वाक्य म्हणायचं, आणि काकूंनी ते जसंच्या तसं परत म्हणायचं. तिच्या मेहनतीचे तिने सांगितले तेवढे पैसे कोटेशनरावांनी मुकाट्याने दिले. बाहेर पडताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वीस वाक्यं लिहून बायकोच्या खुर्चीमागे बसले. खिडकी उघडी आहे. दूध उतू गेलं. काही वाक्यं ती धड म्हणे, काहींतला मधलाच शब्द गळे, मग तेच वाक्य तीनतीनदा. अकराव्या वाक्यानंतर कोटेशनरावांनी कागदावर नसलेलं म्हटलं.

"मी फार उशीर केला."

"मी फार उशीर केला," तिने म्हटलं. नियमाप्रमाणे, जसंच्या तसं. तिला अर्थ कळला, का तिने नुसतं परत म्हटलं, हे मागून दिसायला मार्ग नव्हता.

"ही पुरे," ती मागे न वळता म्हणाली. "संध्याकाळी मी पोरीला फोन करणार आहे. ती बोलेल तसली वाक्यं घ्या."

कोटेशनरावांनी कागद बाजूला ठेवला.

"आई, माझी नोकरी गेली."

हे काही तिने परत म्हटलं नाही.

"कधी गं?" ती म्हणाली. "जेवलीस का काही?"