तिसरी बादली

गडमुडशिंगीच्या चावडीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध हळदीच्या पाण्याच्या तीन बादल्या, आणि त्यांच्यापुढे भस्मेबाबा.

आकारामच्या दोन म्हशी आठवड्यात मेल्या होत्या. करणी बायडाबाईची, असा बाबाचा कौल. एकटी विधवा, त्यात तोंडानं फटकळ. गावाला पटायला वेळ लागला नाही. बाबानं तिच्या तळव्यावर अंगारा चोळला आणि हात हळदपाण्याच्या तांब्यात बुडवायला लावला. पाणी लालभडक!

"बघा, म्हशींचं रगात!" बाबा गरजला. "पाप कितीबी पाण्यात मिसळा, पातळ हुत न्हाय!"

त्यानं तांब्या पहिल्या बादलीत ओतला. बादली लाल. तिच्यातला तांब्याभर दुसरीत. तीही लाल.

"तिसरी लाल झाली, की हिनं दिवस मावळायच्या आत गाव सोडायचं!"

"आरं, माझं घर हाय हितं!" बायडाबाई ओरडली. कुणी ऐकेना.

मेहमुदाला उभं राहवेना. रसायनशास्त्र घेऊन ती नुकतीच बी.एस्सी. झाली होती आणि जूनपासून गावच्या हायस्कुलात शिकवत होती. बाबाची एक अट तिला सकाळपासून खुपत होती: इथं लिंबू आणायचं नाही. लिंबाशिवाय कसला देवऋषी? लिंबाला भिणारा अंगारा म्हणजे चुना!

तिची बोटं पदराआड हिशेब करू लागली. शुद्ध पाण्याचेही थोडे रेणू आपोआप फुटतात. हायड्रोजन आणि हायड्रॉक्सिल, दोन्ही आयन सारखेच, म्हणून सामू, म्हणजे पीएच, सात. दोघांचा गुणाकार ठरलेला. चुन्यानं हायड्रॉक्सिल वाढला की हायड्रोजन तितक्याच पटीनं घटतो आणि सामू चढतो. तांब्यात बारा धरू. दहापट पाण्यात अकरा. पुन्हा दहापट, दहा. तिसऱ्या बादलीत नऊ. आणि हळद आठाच्या पुढं लालच! म्हणजे तिसरीही लाल होणार. बाबाला हिशेब येत नसेल, सवय होती.

"शालूबाई, घरातनं तांब्याभर हळदीचं पाणी आणा, आणि लिंबूही. पळा!" चावडीला लागून राहणाऱ्या, शेजारीच उभ्या बाईच्या कानात तिनं सांगितलं.

"पर बाबा न्हाय म्हणत्यात की!"

"म्हणूनच आणा."

बाबानं घाईनं तांब्या ओतला. तिसरी बादली लाल. लोक बायडाबाईकडं सरकले. तेवढ्यात मेहमुदा आत घुसली आणि तिनं शालूबाईनं आणलेलं लिंबू बादलीत पिळलं. ढवळताच पाणी पिवळं.

"देव कोपंल!" बाबा किंचाळला.

"देव नव्हे, तुम्ही कोपलाय. आकारामदादा, त्यांच्या थैलीतला अंगारा तुमच्या हातावर चोळा. हे शालूबाईंच्या घरातलं हळदीचं ताजं पाणी. बुडवा हात."

आकारामनं हात बुडवला. पाणी लालभडक. तो हाताकडं बघतच राहिला.

"आयला! म्हंजे माझ्या म्हशींवर करणी मीच केली व्हय?"

चावडी हसण्यानं दणाणली. बाबा थैली सोडून सटकू लागला, तसा आकारामनंच त्याचा दंड धरला. "थांबा पावणं, पाटील येऊ द्या."

मेहमुदा हसली नाही. "अंगाऱ्यात चुना आहे. चुन्यानं हळद लाल होते, लिंबानं परत पिवळी. पाणी लाल झालं हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं, खोटं नाही. पण का झालं, हे एकानंही विचारलं नाही, आणि एका बाईचं घर मोडायला निघालात. म्हशी कशानं मेल्या, ते जनावरांच्या डॉक्टरला विचारा. आज विचारा, गोठ्यात अजून दोन आहेत."

आकारामनं मान खाली घातली. "बायडाक्का, चुकलं माझं."

"माफी उद्या माग," बायडाबाई म्हणाली. "आधी डॉक्टरला घिऊन ये. न्हायतर ऱ्हायलेल्या म्हशींचा जीव जाईल, मुडद्या!"