माझा चीक म्हणजे दूध नव्हे

मित्रांनो, रोमच्या चौकात दगडी कठड्याआड जो जुना अंजीर दिसतो, तो मी. कठडा माझ्या रक्षणासाठी आहे म्हणतात. माझ्या मुळांना विचाराल तर ती वेगळंच सांगतील. चहूकडे फरशी घातलेली. पावसाचं पाणी बुंध्यापर्यंत येतं आणि उतारावरून गटारात निघून जातं.

फार पूर्वी मी टायबर नदीच्या काठी होतो. एका दुष्ट राजाने आपल्या पुतणीची जुळी बाळं टोपलीत घालून पुरात सोडली. ती टोपली माझ्या मुळांत अडकली. लांडगी आली, माझ्या सावलीत आडवी झाली आणि तिने रोम्युलस-रेमसला पाजलं. पुढे रोम्युलसने हे शहर वसवलं. मग कुणा शकुन पाहणाऱ्याने मला रातोरात इथे आणलं, मी आपल्या पायांनी चालत आलो, असं लोक सांगतात. मला चालता येत असतं, तर मी इथे थांबलो असतो का?

मी पवित्र, म्हणून मला लोखंड लावायचं नाही. वाळलेल्या फांद्या अंगावर तशाच आहेत. एक पान अवेळी गळलं तरी पुजारी धावत येतात. शहरावर संकट आलं म्हणतात. वारा सुटला की मी पानं जीव मुठीत धरल्यासारखी धरून ठेवतो.

माझ्याजवळ रुमिनादेवीचं ठाणं आहे. अंगावर पाजणाऱ्या आयांची ही देवी. तिला मद्य चालत नाही, दूधच लागतं. ते दूध ओघळून माझ्या बुंध्याशी साचतं, नासतं, मुंग्या लागतात. वास सोसत मी उभा असतो.

एका वसंतात ओपिया नावाची कोवळी बाळंतीण सासूबरोबर रोज पहाटे येऊ लागली. तिला जुळे मुलगे झाले होते. थोरला रडून घर डोक्यावर घ्यायचा. धाकटा रडेनासा झाला होता. ओपिया सारखी त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची.

घरात एकच शेळी. सासूने, मार्कियाने, नवस बोलला होता : सुनेला दोघांपुरतं दूध येईपर्यंत शेळीचं सगळं दूध रुमिनेला.

"लांडगीने दोघांना पाजलं," मार्किया म्हणायची. "तू तर चांगली माणसाची लेक आहेस."

"लांडगीला घरातली भांडी घासावी लागत नव्हती, आत्याबाई," ओपिया हळूच म्हणाली.

"तोंड चालतंय तसं दूध आलं असतं तर बरं झालं असतं."

त्या सकाळी धाकट्याने स्तन तोंडातही धरला नाही. मार्कियाने कठड्यावरून हात घालून माझं एक कोवळं पान खुडलं. देठाशी पांढरा थेंब जमला. "हे देवीचं दूध. ह्याच्या ओठांना लाव. याच झाडाखाली ती दोघं जगली."

मित्रांनो, बाळंतपणानंतरच्या पहिल्या दुधालाही चीक म्हणतात आणि माझ्या रसालाही. शब्द एक, पण माझा चीक कातडी भाजतो. तान्ह्याच्या ओठांचं काय झालं असतं? मी एवढा मोठा, पवित्र, आणि मला ओरडता येईना. पान गाळावं तर ते अपशकुन ठरणार. फांदी हलवावी तर वारा नव्हता.

ओपियाने पान घेतलं. बाळाकडे नेलं. मग थांबली आणि तो थेंब आधी आपल्याच ओठाला लावला. थोड्या वेळाने तिने पदराने ओठ पुसला, पुन्हा पुसला.

"काय झालं?" मार्कियाने विचारलं.

"तुम्हीच लावून बघा, आत्याबाई."

मार्कियाने लावला. तिचे डोळे भरून आले. दुधाचा वाडगा तिच्या हातात होता, देवीपुढे रिकामा करायचा.

ओपियाने हात पुढे केला. "माझ्यावर काय कोप व्हायचा तो होऊ दे. वाडगा इकडे द्या."

मार्किया माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पदराचं टोक दुधात बुडवलं आणि सुनेजवळ बसली. "मान वर धर त्याची. असा आडवा नको, ठसका लागेल."

पहिला थेंब गालावरून ओघळला. दुसराही. तिसऱ्याला त्या इवल्या तोंडाने कापड धरलं आणि सोडेना.

"चावतोय की," मार्किया म्हणाली. "लांडग्याचाच दिसतोय."

ओपिया हसली आणि मग तिला रडू आवरेना.

मित्रांनो, त्या दिवशी माझ्या मुळांशी दुधाचा थेंब पडला नाही. माझं काही बिघडलं नाही, देवीचंही नाही. मी अजून कठड्याआडच आहे आणि वाळक्या फांद्याही तशाच आहेत. तुम्ही कुणाला पूज्य मानाल, तेव्हा त्याला नमस्कार करण्याआधी एकदा विचारून बघा, तुला तहान कशाची आहे? मला विचारलंत, तर फरशीचा एक दगड काढा आणि पाणी घाला.