काठीचा रविवार

शनिवारी सकाळी हजेरीच्या रांगेत उभी असतानाच क्षितिजाला कळलं की देवेशने कोठार साफ केलं. बिलिंगला बसणाऱ्या उन्नतीने मागून तिच्या खांद्यावरून फोन पुढे धरला. पडद्यावर एकच ओळ होती. जुना माल भट्टीत टाकला आहे, जागा मोकळी केली आहे, सर्वांनी नोंद घ्यावी. त्याखाली देवेशने स्वतःच स्वतःला अंगठा दिला होता.

"काठ्या?" क्षितिजाने विचारलं.

"काठ्या, अंगरखे, सगळं. बाराच्या बारा."

हे कोठार दापोड्याच्या गोदामातलं नव्हतं, 'अस्तगिरी'तलं होतं. अस्तगिरी हा फोनवर खेळायचा खेळ. प्रत्येकाने आपला एक योद्धा घडवायचा, त्याला लढवत लढवत वरच्या लेव्हलला न्यायचं. गोदामातल्या बारा जणांनी चार वर्षांपूर्वी त्यात टोळी काढली आणि तिला आपल्या गाळ्याचंच नाव दिलं, 'गाळा नंबर सात'. सुरुवात देवेशची, म्हणून टोळीप्रमुख तो. प्रत्यक्ष गाळ्यावर शिफ्ट सुपरवायझरही तोच, कारण गाळा ज्या जमिनीवर उभा होता ती त्याच्या काकांची.

खेळात नव्वदावी लेव्हल शेवटची. गेल्या वर्षी दिवाळीपर्यंत एकेक करत सगळे नव्वदला पोचले आणि मग व्हायचं तेच झालं. हातात सगळ्यात मोठी तलवार, आणि मारण्यासारखं कोणी उरलेलं नाही. जो तो डोंगरावर येऊन उभा राही, दोन घोडे बदलून बघे आणि खेळ बंद करी.

तेव्हा काठीचा रविवार क्षितिजाने काढला. नवा योद्धा जन्माला येतो तेव्हा त्याच्या अंगावर गोणपाटाचा अंगरखा आणि हातात बाभळीची काठी असते. बाकीचे खेळणारे पहिल्या तासाभरात ती फेकून देतात. गाळा नंबर सातच्या लोकांनी फेकली नव्हती. गोदामात काम करणारा माणूस काही फेकत नाही, रॅकला लावतो. त्या बारा काठ्या टोळीच्या कोठारात पडून होत्या, आणि बाजारात तशी काठी कुठल्याही भावाने मिळत नसे. देवेश सोडून बाकीच्या अकरा जणांनी आपापल्या साप्ताहिक सुट्ट्या मागून मागून रविवारी आणल्या. दुपारी तीन वाजता अकरा नव्वदी वीर चिलखतं उतरवून, गोणपाट चढवून खारगुहेत शिरायचे. तिथल्या आठ पायांच्या ज्या कोळ्याला पूर्वी नुसता धक्का लागला तरी तो मरायचा, त्याला आता चौघं मिळून वीस मिनिटं बडवायचे. फोर्कलिफ्टवरचा वाघ्या अकलोलीकडच्या पाड्यावर राहायचा. घरी नेटवर्क नाही, म्हणून तो रविवारी गणेशपुरीच्या एसटी स्टँडवर येऊन बसे आणि तिथे इतका मोठ्याने हसे की कंडक्टर वळून बघत. आठवड्याच्या बाकी सगळ्या तासांवर कोणाचं ना कोणाचं टार्गेट होतं. हे दोन तास तेवढे क्षितिजाचे होते. त्यांच्यावर ती कोणाला बोट ठेवू देणार नव्हती.

कंटाळा घालवायचा देवेशचा उपाय वेगळा होता. त्याने गाळ्यावरची शिफ्ट उचलून खेळात नेली. रोजची हजेरी, रोजचे पाच ड्रॅगन, तासाला कोणी किती मारले याचा तक्ता, आणि सगळ्यात खाली असलेल्याचं नाव ग्रुपवर. पहिला महिना लोक हसत हसत खेळले. दुसऱ्या महिन्यात हसणं थांबलं. तिसऱ्या महिन्यापासून देवेश म्हणू लागला की ही माणसं काठ्या फिरवण्यात दमतात, म्हणून ड्रॅगन राहून जातात.

हजेरी लावून क्षितिजा सरळ त्याच्या केबिनशी गेली. दार उघडंच होतं आणि बाहेर चार लोडर चहा घेत उभे होते.

"काठ्या का जाळल्यास?"

"डेड स्टॉक होता." देवेशने मान वर केली नाही. "जानेवारीत बारा, मे महिन्यात बारा. एक नग हलला न्हाय. गोदामात तू रोज लाल स्टिकर लावतेस ना? मग मी लावला तर तुला झोंबतं का?"

लाल स्टिकर लावायचं काम खरंच तिचं होतं. नव्वद दिवस न हललेला माल ती शोधून काढायची. म्हणूनच त्याची चूक तिला एका क्षणात दिसली.

"तू क्लोजिंगचे दोन आकडे बघितलेस," ती म्हणाली. "मधली हालचाल बघितली न्हाय. दर रविवारी अकरा नग बाहेर गेलेत आणि त्याच दिवशी अकरा परत आलेत. हललेली न्हाय ती एकच काठी, तुझी. सुपरवायझर हायस ना तू?"

लोडर हसले. बाहेर कोणी नसतं तर कदाचित निभावलं असतं, पण त्या हसण्याने काम बिघडलं.

सोमवारी नवा तक्ता लागला. क्षितिजाची ड्युटी पोटमाळ्यावर, पत्र्याला डोकं टेकेल अशा जागी, ऐन मे महिन्यात. साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. देवेश स्वतः जिना चढून वर आला, घाम पुसत तिच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "वर हालचाल भरपूर हाय. बघत बस."

काठी मिळवायचा एकच मार्ग उरला होता, नवा जन्म. अस्तगिरीत एका फोनवर एकच योद्धा चालतो. नवा हवा तर जुना पुसावा लागतो, आणि पुसलेला परत येत नाही. मंगळवारी दुपारी कामतघरच्या घरी जेवून उठल्यावर क्षितिजाने आपली नव्वद लेव्हलची तिरंदाज पुसली. खेळाने तीन वेळा विचारलं, खात्री आहे का. तिने तीन वेळा हो म्हटलं आणि गोणपाटातली एक अनवाणी बाई पायथ्याच्या गावात उभी राहिली.

बुधवारी तिने बाकीच्यांना सांगितलं. उन्नतीने दिवसभर तोंड फिरवलं आणि संध्याकाळी गुपचूप आपला योद्धा पुसून टाकला. पॅकिंगमधले तिघे तयार झाले. बाकीच्यांनी विषय टाळला. वाघ्याने तेवढं तोंडावर सांगितलं.

"माझा न्हाय पुसायचा, ताई. पोरांना दाखवलाय मी तो. घोड्यासकट."

"मग बस त्याच्या हजेरीत," क्षितिजा म्हणाली. हे बोलणं अन्यायाचं होतं हे तिला कळत होतं, तरी तिने ते मागे घेतलं नाही.

रविवारी तिची ड्युटी, म्हणून वेळ जेवणाच्या सुट्टीची ठरली, दुपारी एक ते दीड. ती पोटमाळ्यावर खोक्यांच्या थप्पीआड बसली, बाकीचे चौघे आपापल्या घरी. पाच काठ्या पायथ्याच्या गावाबाहेर जमतात न जमतात तोच आभाळातून पंखांचा घोडा उतरला. सोन्याचं चिलखत, हातात माणसाएवढी तलवार. देवेशने एका फटक्यात पाचही जणांना लोळवलं. खेळाच्या नियमाप्रमाणे ते देवळात पुन्हा जिवंत होऊन उठले, त्याने पुन्हा लोळवलं. अर्ध्या तासात सतरा वेळा. खालच्या केबिनमधून त्याचं हसणं जिन्यातून वर येत होतं.

पुढच्या रविवारीही तेच. उन्नती रडकुंडीला आली, पण क्षितिजा बघत होती. स्टॉक मोजणाऱ्या माणसाची नजर एका जागी फार वेळ ठरू शकते. घोडा बांबूच्या बेटात शिरत नाही, बाहेरच पाठीवरच्याला पाडतो. बेटाच्या पलीकडे खाजण आहे. गोणपाटातली माणसं त्या चिखलावरून धावत जातात. चिलखतवाला किती खोल रुतेल हे अजून कोणी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या रविवारी उन्नती खाजणाच्या पलीकडे जाऊन उभी राहिली आणि तिने काठी हवेत फिरवली. देवेश आला. बेटाशी घोड्याने त्याला पाडलं, तो उठला, तसाच पायी धावला आणि चिखलात कमरेपर्यंत गेला. मग पाचही काठ्या त्याच्याभोवती जमल्या. त्याचा जीव होता नऊ हजार आणि काठीच्या एका फटक्याने जात होता एक. त्यांनी घाई केली नाही. आळीपाळीने मारलं, कोणी पाठीमागून, कोणी बाजूने. रुतल्यामुळे त्याला वळता येत नव्हतं; तो समोर तलवार फिरवत होता, पण एकही जण त्याच्या समोर जात नव्हता. खालच्या केबिनमधून आता शिव्या येत होत्या, आणि लोडर डबे तसेच ठेवून दाराशी उभे राहिले होते.

"आगरी माणूस आणि खाजणात रुतला?" क्षितिजा खेळातला माइक चालू करून म्हणाली. सगळ्यांनाच ते ऐकू गेलं. "खाजण कसणाऱ्या आजोबांना काय सांगशील?"

दीडची घंटा झाली तेव्हा त्याचा आठ हजारांवर जीव शिल्लक होता. सहा महिन्यांत पहिल्यांदा क्षितिजाला वाटलं, आता सुट्टी संपायला नको होती.

त्यानंतर दर रविवारी युद्ध. देवेश चिलखताची छाती काढून आला, तेव्हा त्यांनी त्याला काटेरी कुंपणात नेलं. तो तलवार टाकून भाला घेऊन आला, तेव्हा त्याने तिघांना पकडलं आणि दहा मिनिटं देवळाच्या दारातून बाहेर पडू दिलं नाही. पाचही जण पहिल्याच लेव्हलवर राहिले होते, कारण तो त्यांना काही मारूच देत नव्हता, आणि त्यांनाही वाढायचं नव्हतं. बांबूच्या कडेला वाघ्याचा नव्वदी वीर घोड्यावरून नुसता बघत उभा राहायचा. देवेशने त्याला काठीवाल्यांना मारायचा हुकूम केला की नेटवर्क गेलं असं लिहायचा. गाळ्यात कोणी कोणाशी कामापलीकडे बोलत नव्हतं. क्षितिजाच्या पोटमाळ्यावरचा पंखा बंद पडला तो तीन आठवडे दुरुस्त झाला नाही.

सातव्या रविवारनंतरच्या गुरुवारी देवेश जिना चढून वर आला. एकटाच. आता शेजारच्या गाळ्यातले लोकही त्याच्याकडे खाजणाची चौकशी करू लागले होते.

"मिटवून टाक," तो म्हणाला. "खाली ये. पंख्याखाली टेबल देतो. रविवारची सुट्टी परत घे. मी येणार न्हाय तिकडे. तुम्ही खेळा तुमचं."

सात आठवड्यांपूर्वी तिला हेच हवं होतं. ती हातातला स्कॅनर तसाच धरून उभी राहिली आणि तिच्या डोळ्यांसमोर पुढचा रविवार आला. पायथ्याचं गाव, पाच माणसं, समोर नवख्यांनी मारायचे खेकडे. कोणी येणार नाही, कोणापासून पळायचं नाही. महिन्याभरात लेव्हल दहा, वर्षभरात पन्नास, आणि कधीतरी पुन्हा तोच डोंगर, तीच तलवार. समोरचा माणूस तिला आवडत नव्हता, आवडायची शक्यताही नव्हती. पण तो नसला तर तिचे दोन तास आपोआप मरणार होते, त्यांना कोणी भट्टीत टाकायचीही गरज नव्हती.

जिन्याच्या खाली लोडर होते. तिने आवाज चढवला.

"घाबरलास तर घाबरलास म्हण, देवेश. टेबल कशाला देतोस?"

खाली कोणीतरी हसलं. देवेशचे कान लाल झाले. तो दोन पायऱ्या उतरला, थांबला, वळला.

"कोण घाबरलंय?"

"नव्वदचा माणूस एकच्या लेव्हलला टेबल देतोय. मी न्हाय बोलले, तूच आलास वर."

"इथंच सड मग," तो म्हणाला. "पाऊस आत येऊदे, पत्रा गळूदे, खाली घेणार न्हाय तुला. आणि रविवारी एकाला देवळाबाहेर पाऊल टाकू देणार न्हाय. बघच तू."

"एक वाजता," क्षितिजा म्हणाली. "उशीर करू नकोस, अर्धाच तास असतो."

तो पाय आपटत खाली गेला. तिने ओढणीने मान पुसली, फोन काढून चौघांना लिहिलं की तो येतोय आणि या वेळी चिडून येतोय. मग तिने पुढच्या खोक्यावर स्कॅनर धरला.