विस्तवाचं खापर

मित्रांनो, मी एका फुटक्या घागरीचं जुनं खापर आहे. तळहाताहून थोडं मोठं, एका अंगानं काळंकुट्ट. असली खापरं तुम्ही परसात पुष्कळ बघितली असतील, पायानं उडवलीही असतील. माझी तक्रार त्याची नाही. माझी तक्रार वेगळी आहे, ती ऐकायला जरा बसा.

बेंबळीच्या बाजूला आमचं गाव. तिथल्या कुंभारानं मला चाकावर घडवलं, थापटून थापटून घागर केली आणि आव्यात भाजली. वीरप्पाच्या आईनं मला घरी नेलं. कितीतरी वर्षं तिच्या कमरेवर बसून मी विहिरीवर जात-येत होते. एकदा विहिरीच्या दगडावर आपटले आणि फुटले. वाटलं, संपलं. पण म्हातारीनं माझा खोलगट तुकडा उचलला आणि म्हणाली, "ह्ये इस्तवाला चांगलंय."

विस्तवाला म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. तेव्हा घरोघरी काडेपेटी नव्हती, आणि मोठ्या लढाईच्या वर्षांत तर ती बाजारातही दिसेना. बायका रात्री निखारा राखेत पुरून ठेवायच्या. सकाळी तो विझलेला निघाला, तर खापर घेऊन शेजारी जायचं. शेजारीण दोन निखारे द्यायची आणि त्याबरोबर बातम्याही: कुणाची म्हैस व्याली, कुणाची लेक माहेरी आली, कुणाच्या घरात धुसफूस चाललीय. कुणाच्या चुलीतला विस्तव मूळचा कुणाचा, हे आमच्या गावात कुणालाच सांगता आलं नसतं. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही, एवढा एकच नियम होता. तोही कुणी कधी बोलून दाखवला नव्हता. "ह्या खापरानं हात भाजत न्हाय," असं म्हणून बायका माझं कौतुक करायच्या. मी सगळ्या चुली ओळखत होते. मला वाटायचं, गाव म्हणतात ते हेच.

देश स्वतंत्र झाला, पण आमचा मुलूख निजामाकडेच राहिला. गावातली तरुण माणसं हद्दीपलीकडच्या कॅम्पात जाऊन लढ्यात सामील होऊ लागली. वीरप्पाही निघाला. म्हातारी तोवर वारली होती आणि त्याची बायको चन्नम्मा गरोदर होती. त्याचा पाय घरातून निघेना. तेव्हा गावातले वडीलधारे बलभीमकाका म्हणाले, "तू बिनघोर जा. तुझं घर त्ये गावाचं घर." भिंतीपलीकडे राहणारा धाकटा भाऊ कल्याणप्पा म्हणाला, "अण्णा, वैनीला काय कमी पडू देत न्हाय." शेजारच्या गजराबाईनं तर चन्नम्माची हनुवटीच धरली. "मी हाय की गं. माझ्या लेकीवानी हाईस तू." हे ती मनापासून बोलली होती. तेच मला अजून उलगडत नाही.

पौषाच्या थंडीत चन्नम्माला मुलगी झाली. त्याच सुमारास रझाकारांची टोळी वीरप्पाला शोधत आली. तो मिळाला नाही, तेव्हा त्यांचा म्होरक्या पारावर उभा राहून ओरडला, "उसके घर कू जो आग-पानी देगा, उसका घर जलेगा!"

दुसऱ्या दिवसापासून चन्नम्माच्या उंबऱ्याला कुणाचा पाय लागेना. तिला ताप भरला. तापात डोळा लागला, आणि सकाळी बघते तर बाजेखालच्या शेगडीत नुसती राख. बाळाचे पाय गार, ओठ निळसर. मुलगी रडतही नव्हती. रडणाऱ्या लेकराची आईला भीती नसते मित्रांनो, न रडणाऱ्याची असते. घरातली चकमक वीरप्पाच्या चंचीत, त्याच्याबरोबर गेलेली.

चन्नम्मानं लेकराला छातीशी बांधलं, मला हातात घेतलं आणि आधी भिंतीपलीकडे गेली. कल्याणप्पा दारातच उभा होता.

"वैनी, परत जावा."

"भावजी, लेकरू गार पडलंय. दोन निखारं द्या, मी लगीच जाते."

"माझीबी लेकरं हायत की. त्येंनला उघड्यावर टाकू व्हय?"

दार लागलं. आतून त्याच्या बायकोचं मुसमुसणं ऐकू आलं. बलभीमकाकांच्या घरून निरोप मिळाला, की काका गावाला गेलेत. काकांचा खोकला मात्र माजघरातच होता.

गजराबाईच्या दारापर्यंत भाकरीचा वास येत होता. चन्नम्माला बघताच ती आत वळली. चर्र आवाज झाला आणि धुराचा लोट उंबऱ्यापर्यंत आला. आपल्याच चुलीत तिनं तांब्याभर पाणी ओतलं होतं! मग पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "आमचाबी इस्तू इजलाय गं बाई." खोटं बोलल्याचं पाप लागू नये, म्हणून तिनं चूल विझवली. दारं लावणाऱ्यांपेक्षा मला त्या तांब्याचा राग अजून जास्त येतो. संध्याकाळी गजराबाई पलीकडच्या घरी गेली. तिला विस्तव लगेच मिळाला.

गावाच्या टोकाला बानूबाई पिंजारणीचं घर. तिचा नवरा कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा. चन्नम्मा तिथं मागायला म्हणून गेली नव्हती; पुढं चालवेना, म्हणून ओट्यावर टेकली होती. बानूबाई बाहेर आली.

"अगं, ओली बाळंतीण तू, भायेर काय करतीस?"

चन्नम्मानं मला नुसतं पुढं केलं. बानूबाईनं मला काठोकाठ भरलं, लेकराला पिंजलेल्या कापसात गुंडाळलं आणि मला आपल्या हातात धरून भर गावातून चन्नम्माच्या घरी आली.

"मावशी, कुणी सांगितलं तर घर जाळतील तुमचं."

"मला इचारू दे की त्येंनी. म्या लेकराला शेक दिलाय, बंदूक न्हाय दिली."

लेकराचे पाय तापायला दुपार झाली. मग मुलगी टाहो फोडून रडली आणि त्या दोघी बायका हसल्या. थंडी सरेपर्यंत बानूबाई रोज येत राहिली. टोळी पुन्हा आली नाही, आणि बाकीची दारंही उघडली नाहीत.

भादव्यात भारताची फौज आली आणि निजामी संपली. वीरप्पा परतला. पारावर झेंडा लागला, सभा भरली, हार आले. बलभीमकाका उभे राहिले. "वीरप्पा, तुझं घर आमी डोळ्यात तेल घालून जपलं. व्हय का न्हाय गं चन्नम्मा?"

सगळं गाव तिच्याकडे बघत होतं. दीर बघत होता, गजराबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. पुढं ह्याच माणसांत जगायचं होतं. चन्नम्मा खाली बघून म्हणाली, "व्हय."

टाळ्या पडल्या. बानूबाई सभेत नव्हती.

मग गावात सूड शिरला. टोळीवाले केव्हाच पळाले होते. हाताशी सापडला तो बानूबाईचा नवरा, पिंजारी; मुसलमान, एवढाच त्याचा गुन्हा. त्याचा टोळीशी संबंध नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी माणसांनी त्याला मारमार मारलं. त्या संध्याकाळी पावसाची झड लागली होती. चन्नम्मा लेकीला शेकायला निखारे काढत होती, माझ्यातच. दाराशी आवाज आला.

"चन्नम्मा, इस्तू दे गं. सरपण भिजलंय. माणूस आडवा झालाय, अंग शेकायचंय त्येचं."

चन्नम्मा मला घेऊन उठली. आणि दाराशी जाऊन तिनं मागं वळून बघितलं. वीरप्पा जेवत होता.

"कोण हाय?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. आता खरं सांगायचं, तर सभेतलं "व्हय" खोटं पडत होतं.

"कुणी न्हाय," ती म्हणाली, आणि दाराच्या फटीतून हळूच कुजबुजली, "मालक घरात हायत, मावशी. उद्या या."

निखाऱ्यांचा लाल उजेड चन्नम्माच्या मनगटावर पडला होता. बानूबाईला तो दिसला. "बरं," ती म्हणाली. "पोरगी बरी हाय न्हवं?" आणि पावसात चालू लागली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. उजाडायच्या आत पिंजाऱ्याचं बिऱ्हाड गाव सोडून गेलं होतं.

पुढं काडेपेट्या मुबलक झाल्या. कुणाला कुणाच्या दारी जायची गरज उरली नाही आणि मी परसात पडले. त्याचं मला काही नाही. कल्याणप्पानं, गजराबाईनं विश्वासघात केला, पण त्यांच्या छपराशी कुणीतरी पलिता धरला होता. चन्नम्माला त्या संध्याकाळी कशाची भीती होती? नवऱ्याच्या एका प्रश्नाची! तिनं तोंड उघडलं असतं, तर वीरप्पा कदाचित स्वतः मला घेऊन पावसात धावला असता. ते आता कुणाला कळणार?

मित्रांनो, माझं घर, माझं गाव, माझा देश, असं तुम्ही शाळेत म्हणता, मोठ्यानं म्हणता. चांगलं आहे. पण दारात कुणी रिकामं भांडं घेऊन उभं राहिलं, तर घरात कोण बसलंय ते वळून बघू नका. आधी द्या. आणि तुम्हाला कुणी दिलं असेल, तर त्याचं नाव चारचौघांत घ्या, त्याच दिवशी घ्या. नाव न घेतलेल्या माणसाला गाव फार लवकर परकं करतं.

त्या संध्याकाळी चन्नम्मानं लेकीला शेकलंच नाही. माझ्यातले निखारे तसेच राख झाले.