सात नंबरचं यंत्र

बाईंनी कपाटाच्या तळातून कडांना भोकं असलेला लांबलचक कागद ओढून काढला आणि सरांसमोर टेबलावर पसरला. बाकीचं सामान केव्हाच खोक्यांत गेलं होतं. कॉलेजची ही जुनी कॉम्प्युटर लॅब उद्यापासून बंद होणार होती, आणि निवृत्त सर आपले कागद न्यायला आले होते.

बाई इथे सरांकडे शिकत होत्या, तेव्हाच्या त्यांच्या वर्गाची ती यादी होती, कोणी कुठल्या यंत्रावर बसायचं याची. सरांनी सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रामने छापलेली. सात नंबरपुढे बाईंचं नाव, आणि त्याला चिकटून, मध्ये फटही न ठेवता, पुढच्या मुलीचं. आठ नंबरवर तीच मुलगी पुन्हा एकदा.

बाईंना हसू आवरेना. स्ट्रिंगच्या, म्हणजे अक्षरांच्या माळेच्या, शेवटी खुणेच्या शून्यासाठी एक घर राखून ठेवा, हे सरांनी वर्गाकडून किती वेळा घोटून घेतलं होतं. वीस अक्षरांच्या नावाला घरं एकवीस लागतात. नाहीतर नाव कुठे संपलं हे यंत्राला कळत नाही, आणि ते शेजारच्याच्या घरात शिरून तिथलंही वाचत सुटतं. या चुकीला सर सरळ दोन गुण कापत. आणि बाईंचं नाव वडिलांच्या नावासकट नेमकं वीस अक्षरांचं, सरांनी ठेवलेली घरंही वीसच.

यादी म्हणजे यादी, असं म्हणून सरांनी तेव्हा दोघींना सात नंबरवर बसवलं होतं. वर्गाने त्या मुलीचं नाव शेपूट ठेवलं. ती रोज उशिरा यायची आणि ‘सरक जरा’ म्हणत बाईंची अर्धी खुर्ची बळकावायची. इतक्या सुखाचे दिवस बाईंना पुन्हा कधी मिळाले नाहीत.

गेली चार वर्षं मात्र दोघींत बोलणं नव्हतं. शेपूट आजारी होती, तेव्हा बाई उद्या जाऊ, परवा जाऊ करत राहिल्या आणि गेल्याच नाहीत. नंतर कोणत्या तोंडाने जाणार?

“सर, लोका सांगे ब्रह्मज्ञान,” बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवत चिडवलं.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला.

“यादी लावली त्याच दिवशी लक्षात आलं होतं. विसाचे एकवीस करायचे, मिनिटाचं काम.”

“मग केले का नाहीत?”

“पंधरा दिवस तू वर्गात तोंड उघडलं नव्हतंस. त्या दिवशी पहिल्यांदा हसलीस.” सरांनी कागदाची जुन्या घड्यांवरच घडी घातली आणि तो बाईंच्या हातात दिला. “हा तूच ठेव. ती कशी आहे गं?”

बाईंनी सरांचे कागद उचलले आणि त्यांना दारापर्यंत सोडलं.

सर गेल्यावर त्यांनी सातव्या ओळीचा फोटो काढला आणि शेपटाला पाठवून दिला. सोबत काय लिहावं ते सुचलं नाही, म्हणून काहीच लिहिलं नाही. मग खोक्यांना चिकटपट्टी लावायला बसल्या. तिसरं खोकं बंद करताना फोन वाजला.

दोनच शब्द होते.

“सरक जरा.”